कन्याशाळा आणि मुलांची शाळा एकत्र करावी का?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा दिसतो: संस्था एकच, शाळा दोन, दोन्हींचा पट घसरलेला, पाचवी ते दहावी एकत्र केली तर मुली मागे पडतील का?

केवळ एकत्र केल्याने पडणार नाहीत. कन्याशाळेचा दहावीचा निकाल चांगला लागतो म्हणून श्रेय वेगळ्या वर्गांना देऊ नका. बोर्डात मुलींचा निकाल दरवर्षी मुलांपेक्षा वरच असतो आणि त्यात मिश्र शाळांतल्या मुलीही आल्या. २०१४ साली २१ देशांतल्या १८४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांचे आधीचे गुण, घरची परिस्थिती हे फरक जमेस धरल्यावर वेगळ्या शाळांचा फायदा जवळपास उरलाच नाही. दक्षिण कोरियात सोलमध्ये मात्र सोडतीने शाळा मिळत असे आणि तिथे वेगळ्या शाळांतली मुलं थोडी पुढे दिसली. तेव्हा 'संशोधनाने सिद्ध झालंय' असं कुणी ठणकावून सांगितलं, तर ते दोन्ही बाजूंनी अर्धवटच.

विलीनीकरण फसतं ते घाईमुळे. सगळे वर्ग एकाच जूनमध्ये मिसळू नका. पहिल्या वर्षी फक्त पाचवी मिश्र करा, मग दरवर्षी एक इयत्ता वाढवा. आठवी-नववीत एकदम एकत्र आणलेली मुलं बाकांच्या दोन रांगा धरून बसतात आणि वर्गात एकाच रांगेचा आवाज ऐकू येतो.

स्वच्छतागृहं आधी, प्रवेश नंतर. सरकारी निकषानुसार साधारण ४० विद्यार्थ्यांमागे स्वच्छतागृहाचा एक संच (एक शौचालय आणि तीन मुताऱ्या) लागतो, म्हणजे २०० मुलींना पाच. दाराला आतून कडी, पाणी, पॅड टाकायला झाकणाचा डबा आणि तो रोज रिकामा करणारी व्यक्ती. यातली शेवटची गोष्ट हमखास राहते आणि मग पाळीच्या दिवसांत मुलींची हजेरी गळते.

प्रयोगशाळेत लक्ष ठेवा. मिश्र गटात उपकरणं मुलांच्या हाती आणि वहीत नोंदी मुलींच्या, हे आपोआप घडतं. चार जणांच्या गटात कामं आधीच वाटून द्या आणि दर प्रयोगाला बदला. वर्गात प्रश्न विचारल्यावर तीन-चार सेकंद थांबा, मग नाव घेऊन विचारा; नाहीतर ओरडणाऱ्यालाच संधी मिळते. सखी सावित्री समिती, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती, नुसती कागदावर असेल, तर आता तिच्या बैठका खरोखर घ्या.

संचमान्यतेचा, म्हणजे पटानुसार सरकार किती शिक्षकपदं मंजूर करतं याचा, हिशेबही आधीच मांडा. तुकड्या घटल्या की शिक्षक अतिरिक्त ठरतात, आणि 'मुलींच्या सुरक्षिततेची काळजी' म्हणून पुढे येणारा विरोध कधी कधी इथूनच आलेला असतो.

एका परिस्थितीत मी कन्याशाळा टिकवायच्या बाजूने आहे: मिश्र वर्गात मुलगी पाठवणारच नाही, असं म्हणणारी घरं बरीच असतील तर. सभेत हात वर करायला लावू नका, त्यात खरं कळत नाही. शिक्षिकांनी सातवीतल्या मुलींच्या घरी जाऊन आईशी बोलावं.