मॅडम, ती आता चित्रच काढत नाही ओ

मागच्या महिन्यात सांगलीतल्या विश्रामबागच्या एक ताई आल्या (ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात), खुर्चीत टेकायच्या आधीच सुरू, "मॅडम, आमची पोरगी साडेचारची, दिवसभर चित्रं काढत बसायची, आता कागद दिला की म्हणते तूच काढून दे, मला येत नाही." ही तक्रार घेऊन येणारे आईबाप मला नवीन नाहीत.

म्हटलं जुनी चित्रं आणा. एकात आयर्विन पूल होता, खाली कृष्णा, पाण्यात मासे आणि पुलावर ती स्वतः, पुलाच्या दुप्पट उंच, हात थेट डोक्यातूनच निघालेले. शेजारी लाल पेनने काढलेला पाच बोटांचा सुबक हात. हा कुणाचा? "मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा. मास्तर होते ना, चूक दिसली की राहवत नाही त्यांना."

आता यात चूक कुठाय? दोन-तीन वर्षांची पोरं नुसत्या गिरगोट्या मारतात, चारच्या आसपास डोक्यालाच हातपाय फुटतात, धड मागून येतं, आणि साधारण सहा-सातला खाली जमिनीची रेघ येते नि माणसं तिच्यावर उभी राहायला लागतात. महत्त्वाचं वाटतं ते मोठं काढायचं, हा त्यांचा हिशोब. पुलावर ती होती, मग तीच मोठी ना!

ताई म्हणाल्या, मी तर कायम छानच म्हणते. हो, पण भाजी निवडता निवडता, मान वर न करता, आणि पोरांना ते बरोब्बर कळतं. मीही काही कमी नाही, एकदा एका पोराला "अरे वा, मांजर!" म्हणाले तर ती त्याची आज्जी निघाली, पठ्ठ्या तासभर बोलला नाही. तेव्हापासून मी ओळखत बसत नाही, "इथं काय चाललंय सांग की" एवढंच विचारते, किंवा दिसतंय ते बोलते, "बाई गं, निळा रंग पार काठापर्यंत नेलास!" छान आहे का विचारलं तर "मला हा तोंड उघडलेला मासा आवडला, तुला काय आवडलं?" आणि 'तूच काढून दे' म्हणाली तर काढून द्यायचं नाही, आपलाही कागद घेऊन शेजारी बसायचं नि विचारायचं, मांजराला काय काय असतं गं? आठ-नऊचं पोर स्वतःहून विचारतं हे कसं काढू, तेव्हा दाखवा खुशाल, पण वेगळ्या कागदावर. त्याच्या चित्राला आपलं पेन लावायचं नाही.

पुढच्या वेळी मास्तर स्वतः आले. "असंच चाललं तर एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला काय करणार ही?" म्हटलं, मास्तर, एलिमेंटरीला अजून सात-आठ वर्षं आहेत की. त्यांना काही पटलेलं दिसलं नाही. पण परवा ताईंचा फोन आला, पोरगी परत रेघोट्या मारायला लागलीय, मामा शेजारी बसतात, लाल पेन खिशात ठेवून, अधूनमधून हात खिशाकडं जातोच म्हणे.