वाचक विचारतात : दहा दिवस, तीन देश आणि बेलीझचा समुद्र

प्रश्न : आम्ही दोघे, बारावीची परीक्षा दिलेली आमची मुलगी आणि ६७ वर्षांच्या, पूर्णपणे शाकाहारी असलेल्या माझ्या सासूबाई, असे चौघे जण येत्या उन्हाळ्यात दहा दिवसांसाठी कॅरिबियन समुद्रकाठी जाण्याचा विचार करीत आहोत. एका प्रवासी संस्थेने त्रिनिदाद, गयाना आणि मध्य अमेरिकेतील बेलीझ अशी तीन देशांची सहल सुचवली आहे. मुलीचा ओढा बेलीझच्या ‘ग्रेट ब्लू होल’ या समुद्रातील गोल, निळ्या खड्ड्याकडे आहे. मे महिन्यात जावे की जूनच्या उत्तरार्धात? तीन देश झेपतील का?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : तीनपैकी दोन देश यादीतून काढून टाकावेत आणि केवळ बेलीझला जावे, असे मी आग्रहाने सुचवीन. मुंबईहून तिथे थेट विमान नाही. बहुधा युरोप किंवा आखातमार्गे अमेरिकेतील एखादे शहर गाठून तिथे पुन्हा विमान बदलावे लागते. या येण्याजाण्यात आणि भारताच्या साडेअकरा तास मागे असलेल्या घड्याळाशी जुळवून घेण्यात दहापैकी निदान तीन दिवस जातात. उरलेल्या सात दिवसांत आणखी दोन देशांचे विमानतळ पालथे घालण्याची दगदग सासूबाईंना देऊ नये.

त्यांच्या प्रकृतीच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. त्रिनिदाद आणि गयाना हे पीतज्वराचा (यलो फीवर) धोका असलेले देश मानले जातात, आणि तिथून परतणाऱ्या प्रवाशाकडे लसीकरणाचे ग्राह्य प्रमाणपत्र नसेल तर भारतात त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. हे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते. शिवाय साठीनंतर या लसीचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता वाढत असल्यामुळे डॉक्टर ती विचारपूर्वकच देतात. बेलीझ या देशांमध्ये मोडत नाही, त्यामुळे हा पेच मुळातच टाळता येईल.

अमेरिकेत केवळ विमान बदलायचे असले, तरीही भारतीय पारपत्रावर तिथला व्हिसा लागतो. म्हणून वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीची मुलाखत आधी आणि तिकिटे नंतर, हा क्रम मोडू नये.

मे की जून, याबाबत माझ्या मनात शंका नाही. बेलीझमध्ये साधारण फेब्रुवारी ते मे हे कोरडे महिने असतात. जूनमध्ये पाऊस धरतो, आणि अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगामही १ जून ते ३० नोव्हेंबर असा मोजला जातो. मोठी वादळे बहुधा ऑगस्टनंतर येतात हे खरे. परंतु १९६१ च्या ऑक्टोबरअखेरीस आलेल्या हॅटी वादळाने बेलीझ सिटीची इतकी वाताहत केली, की देशाची राजधानीच किनाऱ्यापासून दूर, बेल्मोपान येथे नव्याने वसवावी लागली. मुंबईचा पाऊस मागे टाकून तिथल्या पावसात जाऊन बसण्यात काय हशील?

मात्र अलिबाग किंवा गोव्यासारखी लांबरुंद पुळण डोळ्यांपुढे ठेवून जाऊ नका. सुमारे ३०० किलोमीटर लांबीची प्रवाळभिंत लाटा बाहेरच अडवते, त्यामुळे आतले पाणी उथळ आणि शांत असते, तळाशी समुद्री गवत असते, आणि लोक पोहायला लाकडी धक्क्यांवरून उतरतात. शिवाय २०११ पासून सरगॅसम नावाचे तपकिरी शेवाळ उन्हाळ्यात कॅरिबियन किनाऱ्यांवर ढिगांनी येऊ लागले आहे. ते कुजले की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. बेलीझचे वैभव किनाऱ्यावर नसून पाण्याखाली आहे, हे एकदा मनाशी पक्के केले की निराशा होणार नाही.

म्हणून चार दिवस ‘की कॉकर’ (Caye Caulker) नावाच्या छोट्या बेटावर राहावे आणि तीन दिवस सॅन इग्नासियो गावी, जिथून शुनान्तुनिच येथील माया लोकांची दगडी मंदिरे जवळ आहेत. जेवणात नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात सर्वत्र मिळतो आणि तो सासूबाईंना आवडेलही. परंतु त्यात पुष्कळदा डुकराचे मांस घातलेले असते, तेव्हा प्रत्येक ठिकाणी स्पष्ट विचारावे. तिथली राजभाषा इंग्रजी असल्यामुळे विचारणे अवघड जाणार नाही. न्याहारीचे ‘फ्राय जॅक’ आपल्या पुरीच्या जवळचे आहेत. तुम्हा मासे खाणाऱ्यांना मे महिन्यात शेवंड मात्र मिळणार नाही, कारण त्या काळात ती पकडण्यास बंदी असते. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी थांबवतात, त्यामागचाच हा विचार आहे.

आता ब्लू होल. हिमयुगात समुद्राची पातळी खाली असताना तयार झालेल्या चुनखडीच्या गुहेचे छत कोसळून हा सुमारे ३०० मीटर रुंद आणि १२० मीटरांहून अधिक खोल खड्डा बनला. त्यातील प्रसिद्ध लवणस्तंभ (गुहेच्या छतापासून लोंबणारे चुनखडीचे सुळके) पाहण्यासाठी सुमारे ४० मीटर खाली जावे लागते, आणि नवशिक्या पाणबुड्याने तिथे उतरू नये. मुलीला ते निळे वर्तुळ छोट्या विमानातून दाखवावे. पाण्यात उतरण्यासाठी १९८७ मध्ये संरक्षित झालेले ‘होल चान’ हे सागरी क्षेत्र उत्तम आहे (आपले मालवणचे सागरी अभयारण्यही त्याच वर्षीचे). तिथे तोंडात नळी धरून पृष्ठभागावर तरंगत प्रवाळ, पाकट आणि सहसा निरुपद्रवी असणारे नर्स शार्क पाहता येतात. त्यासाठी तिने आतापासून जवळच्या तरणतलावावर नळीने श्वास घेण्याचा सराव करावा, आणि उन्हासाठी अंगभर मलम फासण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घ्यावा. काही मलमांतील रसायने प्रवाळाला अपायकारक असतात.