वाचकांचे प्रश्न : कर्ण्याचे तोंड किती मोठे हवे?

प्रश्न : मिरवणुकीतला भोंगा लहानशा अ‍ॅम्प्लिफायरवर चार गल्ल्यांपलीकडे ऐकू जातो आणि घरातला स्पीकर तेवढ्याच वॅटवर जेमतेम खोली भरतो. कर्णा स्वतः वीज घेत नाही, मग तो आवाज वाढवतो कसा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कर्णा ऊर्जा निर्माण करत नाही, एरवी वाया जाणारी ऊर्जा तो हवेपर्यंत पोहोचवतो. उघड्यावर हलणाऱ्या कागदी कोनापुढची हवा, विशेषतः खालच्या सुरांत, सहज बाजूला सरकते. त्यामुळे कोनाला तिच्यावर पुरेसा दाब देता येत नाही आणि घरगुती स्पीकरमध्ये दिलेल्या विजेचा एक टक्का, बरेचदा त्याहूनही कमी भाग ध्वनीच्या रूपाने बाहेर पडतो. उरलेल्या विजेने कॉइल तापते. कर्ण्याच्या अरुंद गळ्यातील हवेला बाजूला सरकायला वाव नसतो, म्हणून डायफ्रामला, म्हणजे आवाज काढणाऱ्या थरथरत्या पडद्याला, तिच्यावर खरे काम करता येते. पुढे कर्णा रुंदावत जातो तसा दाब हळूहळू उतरतो आणि तोंडापाशी ती लहर बाहेरच्या हवेत फारसा अडथळा न होता मिसळते. याखेरीज कर्णा आवाज चहूकडे न पसरवता समोर एकवटतो. या दोन्ही कारणांमुळे १ वॅटला १ मीटरवर घरगुती स्पीकर साधारण ८८ डेसिबल देत असेल, तर चांगला कॉम्प्रेशन ड्रायव्हर (कर्ण्याच्या गळ्याला बसवायचा, आवाज काढणारा भाग) कर्ण्यासह समोरच्या बाजूला १०८ डेसिबलच्या आसपास जातो. हा २० डेसिबलचा फरक म्हणजे १०० पट वॅट होत. भौतिकशास्त्रज्ञ वेबस्टर यांनी १९१९ साली कर्ण्याचे गणित मांडले आणि हॅना व स्लेपियन यांनी १९२४ साली ते लाउडस्पीकरला लावून दाखवले, तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर मोजके वॅट देत असत. त्या काळात सभागृह आवाजाने भरायला कर्ण्याला पर्याय नव्हता.

प्रश्न : एक इंची कॉम्प्रेशन ड्रायव्हरसाठी १८ मिमी प्लायच्या ११ चकत्या एकावर एक चिकटवून गोल कर्णा केला. लांबी सुमारे २० सेंमी, तोंडाचा व्यास १५ सेंमी, क्रॉसओव्हर (ज्या सुराच्या वरचा आवाज कर्ण्याकडे जातो तो) ७०० हर्ट्झ. गाणाऱ्याचा आवाज नाकातून आल्यासारखा आणि कर्कश वाटतो. प्लायऐवजी फायबरचा कर्णा करावा का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : फायबरवर खर्च करू नका, दोष प्लायचा नाही. आपण दिलेल्या मापांतच तो दिसतो, म्हणून ती मापे कळवल्याबद्दल मनापासून आभार. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला, तर २.५ सेंमीच्या गळ्यापासून २० सेंमी अंतरात १५ सेंमीपर्यंत जाणाऱ्या एक्स्पोनेन्शियल (सारख्या अंतराला क्षेत्रफळ सारख्याच पटीने वाढणाऱ्या) फैलावाचा कटऑफ, म्हणजे ज्याखाली कर्णा कामाचा राहत नाही तो सूर, सुमारे ४९० हर्ट्झ येतो. म्हणजे फैलाव ७०० हर्ट्झला कामाला लागलेला असतो. तोंडाचा हिशेब मात्र वेगळा आहे. मोकळ्या जागेत ठेवलेल्या गोल कर्ण्याच्या तोंडाचा परीघ निदान एका तरंगलांबीएवढा हवा, आणि आपल्या तोंडाचा ४७ सेंमी परीघ साधारण ७३० हर्ट्झला पुरतो. त्याखाली आणि त्याच्या आसपासही लहरीचा मोठा भाग तोंडाशी आपटून गळ्याकडे परततो, तिथून पुन्हा पुढे येतो, आणि या येरझारांमुळे काही सूर फुगतात तर काही दबतात. माणसाच्या आवाजातील स्वरांची ओळख ज्या पट्ट्यात ठरते, नेमक्या त्याच पट्ट्यात हे चढउतार पडल्यामुळे गाणारा नाकातून गातो असे वाटते. घरी कर्णा बांधणारे बहुतेक जण गळ्याशी बारकाईने काम करतात आणि तोंडाशी काटकसर करतात. कर्ण्याची बदनामी झाली आहे ती मुख्यतः या काटकसरीमुळे, असे माझे ठाम मत आहे.

आहे तोच कर्णा ठेवायचा असेल तर क्रॉसओव्हर १५०० हर्ट्झच्या वर न्यावा. नवा करण्याची तयारी असेल तर ३०० हर्ट्झ कटऑफ धरून आखणी करा आणि तो १००० हर्ट्झपासून वापरा. एक इंची ड्रायव्हरला त्याहून खाली उतरवण्यापूर्वी कंपनीने दिलेली किमान क्रॉसओव्हर मर्यादा वाचलीच पाहिजे. ३०० हर्ट्झची तरंगलांबी ११५ सेंमी, म्हणून तोंडाचा व्यास ३६.५ सेंमी. या फैलावात दर ६.३ सेंमीला क्षेत्रफळ दुप्पट होते, म्हणजेच दर १२.६ सेंमीला व्यास दुप्पट होतो : गळ्याशी २.५, पुढे १२.६ सेंमीवर ५.१, २५.३ सेंमीवर १०.२, ३७.९ सेंमीवर २०.३ आणि ४८.६ सेंमीवर ३६.५ सेंमी. आपल्याच १८ मिमी प्लायच्या हिशेबाने या २७ चकत्या झाल्या. प्रत्येक चकतीचे भोक आधीच्या भोकापेक्षा सुमारे १० टक्के मोठे. लाकूड कापण्याआधी डेव्हिड मॅकबीन यांच्या हॉर्नरेस्प या मोफत प्रोग्रॅममध्ये हीच मापे घालून पाहावीत. तोंड कमीजास्त केल्यावर आलेख कसा खडबडीत होतो, हे तिथे पाच मिनिटांत दिसते.

चकत्या फेव्हिकॉलने चिकटवून शिकंज्यात आवळा, पायऱ्या आधी ८० नंबरच्या आणि शेवटी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढा. तोंडाची कड धारदार ठेवू नका, ती मागच्या बाजूला गोलसर वळवा. सर्वांत जास्त वेळ ड्रायव्हर आणि गळा यांच्या सांध्याला द्यावा. ड्रायव्हर बसवून तोंडाकडून बोट आत घालणे लांब कर्ण्यात जमत नाही, म्हणून गळ्याकडच्या चार-पाच चकत्यांचा भाग आधी वेगळा चिकटवून, त्यावर ड्रायव्हर लावून, करंगळी फिरवून पाहा. नखाला खाच लागली तर सांधा पुन्हा घासावा, कारण वरच्या सुरांची तरंगलांबी दोन-तीन सेंटिमीटरच असते आणि त्यांना तिथली लहान पायरीही जाणवते. कर्णा पूर्ण झाल्यावर बोटाच्या पेराने ठोकून पाहा. आवाज बद्द यावा, घणघणू नये. एवढे जमले की प्लाय, फायबर किंवा शिसवी यांत कानाला कळेल असा फरक राहत नाही.

प्रश्न : प्रयोगशाळा नसताना घरी बांधलेल्या कर्ण्याची चाचणी कशी घ्यावी?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पहिले काम ड्रायव्हर वाचवण्याचे. कॉम्प्रेशन ड्रायव्हरचा डायफ्राम मिलिमीटरच्या अंशाएवढाच हलू शकतो. अ‍ॅम्प्लिफायर सुरू करतानाचा एक 'धप्प'देखील त्याला पुरतो. म्हणून चाचणी संपेपर्यंत ड्रायव्हरच्या एका तारेत कपॅसिटर असलाच पाहिजे. पाण्याच्या मोटरीचा ३६ मायक्रोफॅरडचा रन कपॅसिटर कोणत्याही वाइंडिंगवाल्याकडे मिळतो आणि ८ ओहम ड्रायव्हरला तो सुमारे ५५० हर्ट्झच्या खाली आवर घालतो. तो नवा घ्यावा, आणि स्टार्ट कपॅसिटर घेऊ नये.

मग इम्पीडन्स, म्हणजे निरनिराळ्या सुरांना ड्रायव्हर विजेला करतो तो अडथळा, मोजावा. १०० ओहमचा एक रेझिस्टर, संगणकाचे साउंड कार्ड आणि आरईडब्ल्यू हा मोफत प्रोग्रॅम एवढ्यावर हे काम होते. अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही, त्यामुळे फक्त या मोजणीपुरता कपॅसिटर बाजूला ठेवावा. आधी नुसत्या ड्रायव्हरचा आलेख काढावा, मग कर्णा लावून. आलेखावर ठरावीक अंतराने उंच लाटा दिसल्या तर लहर तोंडाशी आपटून परतते आहे असे समजावे. तोंड पुरेसे असेल तर लाटा बारीक असतात. या चाचणीत खोलीचा दोष फारसा मिसळत नाही, म्हणून घरगुती चाचण्यांत मी हिलाच सर्वाधिक मान देतो.

यानंतर माइकची चाचणी, शक्यतो गच्चीवर आणि दिवसा. कर्णा व माइक दोन्ही जमिनीपासून १.५ मीटर उंच आणि एकमेकांपासून १ मीटर अंतरावर ठेवले, तर जमिनीवरून परतलेला आवाज सुमारे ६.३ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. प्रोग्रॅममध्ये त्याआधीचाच भाग ठेवला की सुमारे १६० हर्ट्झच्या वरचा आलेख जमिनीच्या परिणामापासून मुक्त होतो. कठडा किंवा पाण्याची टाकी जवळ नसावी. स्वीप (खालून वर चढत जाणारा चाचणीचा सूर) २० हर्ट्झपासून सुरू न करता ५०० पासून करावा आणि आवाज हळू ठेवावा. समोरचा आलेख घेऊन थांबू नका. कर्णा दर वेळी १५ अंशांनी फिरवत ६० अंशांपर्यंत आलेख घ्या. गोल एक्स्पोनेन्शियल कर्णा वरच्या सुरांत झोत अरुंद करत जातो, हा त्याचा स्वभाव आहे. १९७० च्या दशकात ध्वनिअभियंता कील यांनी पसारा स्थिर ठेवणारे कर्णे आखले ते याच कारणाने. आपल्या घरात एकाच खुर्चीवर बसून ऐकायचे आहे की चौघांनी मिळून, यावर हा दोष किती खुपेल ते ठरेल.

कानाची परीक्षा सर्वांत शेवटी, आणि तीही ओळखीच्या माणसाच्या रेकॉर्ड केलेल्या बोलण्यावर घ्यावी. संगीतात कर्ण्याने वाद्यांच्या आवाजाला चढवलेला रंग झाकून जातो. घरच्या माणसाचा आवाज बिघडला तर लगेच कळते.

प्रश्न : फ्लॅटमध्ये खालच्या सुरांसाठीही कर्णा करता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ४० हर्ट्झची तरंगलांबी ८.६ मीटर आहे, तेव्हा मोकळ्या जागेत तोंडाचा व्यास २.७ मीटरहून अधिक लागेल. दोन भिंती आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्यात ठेवल्यास क्षेत्रफळाचा आठवा हिस्सा पुरतो, पण तोही सुमारे पाऊण चौरस मीटर होतो आणि ३०० चौरस सेंमीच्या गळ्यापासून लांबी २.२ मीटर भरते, जी पेटीत दुमडून बसवावी लागते. पॉल क्लिप्श यांचा क्लिप्शहॉर्न १९४६ पासून याच तत्त्वावर बनतो आणि कोपऱ्याच्या भिंती कर्ण्याचा शेवटचा भाग म्हणून वापरतो. त्यासाठी दार किंवा खिडकी नसलेले दोन सलग कोपरे हवेत, आणि आपल्याकडच्या हॉलमध्ये ते क्वचितच मिळतात. ते नसतील तर खालचे सूर ९६ डेसिबलच्या आसपास संवेदनशीलता असलेल्या १२ इंची वूफरला साध्या पेटीत द्यावेत आणि १००० हर्ट्झच्या वर कर्णा लावावा. १०८ डेसिबलचा कर्णा वूफरच्या बरोबरीला, म्हणजे १२ डेसिबलने खाली आणण्यासाठी ८ ओहम ड्रायव्हरच्या आधी ६ ओहमचा रेझिस्टर मालिकेत आणि २.७ ओहमचा ड्रायव्हरला समांतर जोडावा. दोन्ही निदान १० वॅटचे घ्यावेत.