‘फास्ट’ म्हणजे घट्ट की जलद?

‘फास्ट कलर’ म्हणजे पक्का रंग, ‘फास्ट ट्रेन’ म्हणजे जलद गाडी आणि नुसतं ‘फास्ट’ म्हणजे उपवास. हे तीन वेगळे शब्द आहेत का, असा प्रश्न आहे.

नाही, मूळ एकच. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता घट्ट, न हलणारा. जर्मनमधला ‘फेस्ट’ हा त्याचा भाऊबंद आजही त्याच अर्थाने वापरतात. ‘स्टेडफास्ट’ म्हणजे अढळ, तोही याच घरातला. खरा उपरा अर्थ वेगाचा.

तो क्रियाविशेषणाच्या वाटेने शिरला. ‘घट्ट’वरून ‘जोर लावून’ झालं, आणि जोर लावून पळणारा वेगातच पळणार. आपलं ‘जोरात’ बघा ना: ‘दोर जोरात ओढ’ आणि ‘जोरात पळ’. एकात ताकद, दुसऱ्यात वेग. बोलताना कुणाला खटकतही नाही. विशेषण म्हणून ‘जलद’ हा अर्थ सोळाव्या शतकात रुळला.

उपवासाचा अर्थ मात्र फार जुना. नेम घट्ट धरून ठेवायचा, ही त्यामागची कल्पना. गॉथिक या इंग्रजी-जर्मनच्या नात्यातल्या जुन्या भाषेत ‘फास्तान’ या क्रियापदाचे राखणे आणि उपवास करणे असे दोन्ही अर्थ होते. मराठीतही उपवास ‘धरतात’ आणि ‘सोडतात’. इंग्रजीत तो मोडतात, म्हणून ‘ब्रेकफास्ट’.

वाचताना अर्थ लावायचा तर सोबतचा शब्द बघा. धरणे, चिकटणे, रुतणे असं काही असेल तर अर्थ ‘घट्ट’: ‘होल्ड फास्ट’ म्हणजे घट्ट धर, पटकन धर नव्हे. ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपेत. ‘प्ले फास्ट अँड लूज’ इथे तर हमखास चूक होते; त्यात ‘बांधलेलं’ आणि ‘सुटं’ अशी जोडी आहे, वेगाचा संबंध नाही. अर्थ होतो बेभरवशाने वागणे. कापडाच्या रंगाचा पक्केपणाही यातच आला. धुण्यात तो किती टिकतो ते १ ते ५ या श्रेणीत मोजतात, उजेडात १ ते ८. आकडा मोठा तेवढा रंग पक्का.

घड्याळ ‘फाइव्ह मिनिट्स फास्ट’ असेल तर ते पाच मिनिटं पुढे आहे. काटे जोरात फिरताहेत, असं त्यातून कळत नाही.

आणि ‘फास्टली’ लिहू नका. विशेषण आणि क्रियाविशेषण दोन्हीकडे ‘फास्ट’च.