साध्या पझल गेमला चांगले ग्राफिक्स नसतील तर कोणी खेळेल का?

तुम्ही लिहिलंय की ठोकळे ढकलायचा पझल गेम एकट्याने बनवताय, लेव्हल बऱ्याचशा तयार आहेत, चित्रकला येत नाही, आणि साठवलेले पैसे आर्टिस्टला द्यावेत की नाही ते ठरत नाहीये.

देऊ नका. निदान आत्ता तरी नको. मी दिले होते, म्हणून सांगते.

माझे बाबा एकतीस वर्षं धान्याच्या गोदामात होते. निवृत्तीनंतर जळगावच्या घरी त्यांच्या दुपारी सरता सरायच्या नाहीत, म्हणून मी त्यांना टॅबवर सोकोबान लावून दिला. ताकाराझुका या जपानी शहरातल्या हिरोयुकी इमाबायाशींनी हा गेम १९८१ मध्ये रचला, पुढच्या वर्षी तो विकायला आला. नावाचा अर्थच गोदाम सांभाळणारा. पेटी ढकलता येते, ओढता येत नाही, बाकी काही नाही. बाबांची पहिलीच पेटी कोपऱ्यात गेली आणि ते म्हणाले, "हा माल अडकला. आता निघायचा नाही." मी काही समजावून सांगितलं नव्हतं. दोन दिवसांनी त्यांचीच तक्रार आली, "पण गोदामात खरी अडचण ही नसते गं. आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा असतो, आणि तो नेमका थप्पीच्या मागे असतो."

त्या एका वाक्यावर मी गेम बनवला. पहिला कच्चा नमुना पझलस्क्रिप्ट या पझल गेम बनवायच्या साधनात केला. त्यात एकेक वस्तू जेमतेम पाच बाय पाच पिक्सेलची असते, त्यामुळे चित्र काढायचा प्रश्नच नव्हता. जुनं पोतं लाल चौकोन, मधलं पिवळं, नवं निळं, भिंत काळी. सगळी लाल पोती दाराबाहेर गेल्याशिवाय पिवळं जाणार नाही. २०१७ च्या दिवाळीपर्यंत बाबांनी चाळीसपैकी तेहतीस लेव्हल सोडवल्या. जुन्या वहीत चौकोन आखायचे, चाली आधी पेन्सिलने करून बघायचे, मग टॅब हातात घ्यायचे. आई जेवायला हाका मारत असायची.

मग कॉलेजपासूनचा एक मित्र भागीदार झाला. त्याचं म्हणणं होतं की रंगीत चौकोनांना कोणी पैसे देत नाही. आम्ही आर्टिस्ट घेतला. अकरा महिने आणि ४ लाख ६० हजार रुपये गेले, त्यात माझी जवळजवळ सगळी बचत होती. काम उत्तम झालं होतं, हे आजही मान्य करते. झरोक्यातून येणारं ऊन, त्यात तरंगणारी धूळ, तागाची वीण, एका अंगावर कललेली पोती. रंगीत पोती खोटी दिसतात म्हणून रंग काढले. पोतं किती जुनं ते आता तागाच्या मळकटपणावरून आणि कोपऱ्यातल्या छोट्या शिक्क्यावरून ओळखायचं होतं.

मे महिन्यात घरी गेले तेव्हा बाबांना नवी आवृत्ती दिली. सहावी लेव्हल, जुन्या आवृत्तीत त्यांनी एका दुपारी सोडवलेली. बोट स्क्रीनच्या वर धरून बराच वेळ बसून राहिले. मग विचारलं, "यातलं जुनं कोणतं?" मी दाखवलं. त्यांनी पोतं उन्हाच्या पट्ट्यात नेलं, कारण तिथे दार आहे असं त्यांना वाटलं. उजेड दिसला की माणूस दारच समजणार. दहा मिनिटांनी "छान झालंय हो," म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला. पुन्हा टॅब मागितला नाही.

रात्री मित्राला फोन केला. तो म्हणाला, "तुझे बाबा आपले गिऱ्हाईक नाहीत."

हे वाक्य मी विसरलेले नाही. तेहतीस लेव्हल वहीत चौकोन आखून सोडवणारा माणूस गिऱ्हाईक नाही, तर कोण आहे? पझल गेममध्ये खेळणारा चित्राकडे शोभा म्हणून बघत नाही. ढकलता काय येईल, अडेल काय, जायचं कुठे, हे तो त्यात शोधत असतो. ते एका नजरेत कळलं पाहिजे, म्हणजे डोकं कोड्यावर खर्च होतं. आमच्या गेममध्ये ते पोती ओळखण्यातच संपत होतं.

मॉस्कोत १९८४ मध्ये आलेक्सेई पाजित्नोव्हने टेट्रिस ज्या इलेक्ट्रॉनिका ६० संगणकावर बनवला त्यावर ग्राफिक्स नव्हतेच, ठोकळे कंसाच्या चिन्हांनी काढले होते. तरी गेम तोच होता. पण हे उदाहरण जुनं, त्या काळी दुसरा इलाज नव्हता असं कोणीही म्हणेल. म्हणून 'बाबा इज यू' हा अलीकडचा पझल गेम बघा. फिनलंडच्या आर्वी तेइकारीने २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये, म्हणजे थोड्या वेळात गेम बनवायच्या मेळाव्यात, त्याचा पहिला नमुना केला, पूर्ण गेम मार्च २०१९ मध्ये आला. दोनशेच्या वर लेव्हल. प्रत्येक चित्र चोवीस बाय चोवीस पिक्सेलचं, काळपट जमिनीवर रेघोट्यांसारखं, तीन फ्रेममध्ये थरथरणारं. त्यात नियमच शब्दांचे ठोकळे होऊन पडलेले असतात. 'वॉल इज स्टॉप' यातला एक शब्द ढकलून बाजूला केला की भिंत अडवायची थांबते, तुम्ही तिच्यातून चालत जाता. ती भिंत खऱ्या दगडाची, सावलीसकट रंगवली असती तर तिच्यातून जाताना गेम बिघडला असंच वाटलं असतं. चित्र साधं आहे म्हणून तर नियम बदललेला पटतो. २०२० मध्ये त्याला गेम डेव्हलपर्स चॉइसचा सर्वोत्तम डिझाइनचा पुरस्कार मिळाला. हा गेम आला तेव्हा आमच्या आर्टिस्टचा सातवा महिना चालू होता. मी मित्राला पाठवला. "ती गोष्ट वेगळी," एवढंच उत्तर आलं.

पैशांपेक्षाही मोठं नुकसान दुसरंच झालं. चौकोन होते तोवर मी रात्री नियम बदलायचे आणि सकाळी खेळून बघायचे. चित्रं आल्यावर एक नियम बदलायचा म्हणजे दहा चित्रं नव्याने काढायची. मला ओलं पोतं हवं होतं, जे दोन घरं सरकल्यावर फाटतं. त्यासाठी नवं ॲनिमेशन लागणार होतं, म्हणून राहिलं. साठ लेव्हल ठरल्या होत्या, चोवीसवर थांबलो. लोकांनी परीक्षणात तेच लिहिलं: दिसायला देखणा आहे, पण लगेच संपतो.

तेव्हा तुम्ही चौकोनच ठेवा आणि ते नीट करा. नुसत्या रंगावर भिस्त ठेवू नका, पुष्कळ पुरुषांना लाल-हिरवं वेगळं दिसत नाही, प्रत्येक वस्तूला आकारही वेगळा द्या. जमीन फिकी, हलणाऱ्या वस्तू ठसठशीत. पोतं सरकताना छोटासा आवाज आणि अर्धा क्षण हालचाल असू दे, एवढ्याने हाताला वजन जाणवतं. चाल मागे घ्यायची सोय अमर्याद ठेवा. मग तुमच्या क्षेत्राबाहेरच्या एखाद्या माणसाला बसवा आणि त्याच्या मागे गप्प उभे राहा. त्याने "हे काय आहे?" असं विचारलं तर तेवढं चित्र बदला, "हे कसं करू?" विचारलं तर काही बदलू नका.

वर जे लिहिलं ते सगळ्या पझल गेमना लागू नाही, हे सांगायला हवं. मॉन्युमेंट व्हॅली या गेममध्ये कोडं चित्रातच आहे, एका विशिष्ट कोनातून दोन जिने जुळलेले दिसतात म्हणून त्यावरून चालता येतं. गोरोगोआ या गेममध्ये हाताने काढलेल्या चौकटी एकमेकींवर सरकवायच्या असतात. तिथून चित्र काढलं तर गेमच उरत नाही. तुमचा गेम त्या जातीचा असेल तर माझं ऐकू नका.

आणि गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या पानावरचं छोटं चित्र. तिथे लोक चौकोन बघून पुढे जातात, मी आकडे बघितले आहेत. थोडे पैसे खर्च करायचेच असतील तर त्या एका चित्रावर आणि ट्रेलरवर करा, तेही गेम पूर्ण झाल्यावर. एवढ्यापुरतं माझ्या मित्राचं बरोबर होतं. तो इथली उत्तरं वाचतो, हेही वाचेल, म्हणून नीट लिहिते: पानावरच्या चित्राबद्दल तुझं खरं होतं. बाबांबद्दल तू जे बोललास ते चूक होतं. चौकोनांची आवृत्ती मी पुन्हा हातात घेतली आहे, ओल्या पोत्यांसकट. बाबा सध्या एकेचाळिसाव्या लेव्हलवर अडलेत आणि ती सुटतच नाही असा त्यांचा दावा आहे. मी तपासली, सुटते. त्यांना अजून सांगितलेलं नाही.