लाल झालं म्हणजे बी जिवंत, असं धरू नका

सोयाबीनच्या टेट्राझोलियम चाचणीत, म्हणजे बी जिवंत आहे का ते रंगावरून तपासण्याच्या चाचणीत, बी लाल झालं की जिवंत मोजायचं का, आणि निळा रंग देणारं एक्स-गाल हे रसायन इथे का वापरत नाहीत, असं तुम्ही विचारलंय.

एक्स-गालचं आधी सांगतो. ते तोडणाऱ्या बीटा-गॅलॅक्टोसिडेज या एन्झाइमला पेशीचं श्वसन चालू असण्याची गरज नसते, पेशी मेल्यावरही ते काही काळ काम करत राहू शकतं. टीटीसीला, म्हणजे टेट्राझोलियम चाचणीतल्या रसायनाला, मात्र श्वसनातूनच हायड्रोजन मिळावा लागतो. तो डिहायड्रोजनेज एन्झाइम पुरवतात आणि बिनरंगी टीटीसीचा लाल फॉरमॅझॅन होतो. तो पाण्यात विरघळत नाही, जिथे तयार झाला तिथेच बसतो. त्यामुळे बियाचा कोणता भाग जिता आहे ते जागेवर दिसतं.

आता लाल रंगाचं. एमएस्सीनंतर मी एका बियाणे तपासणी प्रयोगशाळेत होतो. तिथले आमचे वरिष्ठ म्हणायचे, "लाल दिसलं की जिवंत, पुढचं बी घ्या." एका लॉटमध्ये शंभरातली एकोणऐंशी बियं लाल आली. मी काही उभी चिरली. कित्येकांच्या मूलांकुराचं, म्हणजे ज्यातून मूळ फुटतं त्या भागाचं, टोक गर्द, काळपट लाल होतं. निरोगी भाग गुलाबीसर लाल आणि टणक असतो. मार बसलेल्या भागात द्रावण झपाट्याने शिरतं, श्वसनही वाढलेलं असतं, म्हणून तो जास्तच लाल होतो. सोयाबीनचं टरफल पातळ आणि मूलांकुर लगेच त्याखाली, मळणी यंत्राचा फटका पहिला तिथेच बसतो. हे मी सरांना दाखवलं. ते म्हणाले, नियम किमान सत्तर टक्के उगवणीचा आहे, एकोणऐंशी आहेत, लिहा. मी लिहिलं.

त्याच लॉटच्या पिशव्या निलंग्याकडे माझ्या मामांनी घेतल्या. पेरणीआधी त्यांचा फोन आला, "लेकरा, पोत्यावर टाकून बघू का एकडाव?" मी म्हणालो, मामा, लॅबमधून पास झालेलं आहे, कशाला खटाटोप करताय. पाऊस चांगला झाला होता, ओल होती, चार एकर पेरलं आणि निम्मंही उगवलं नाही. दुबार पेरणी करावी लागली. मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत. मामींनी दुसऱ्या बियाण्यासाठी पाटल्या मोडल्या, ते मला आईकडून कळलं.

म्हणून तुम्हाला सांगतो, बी न चिरता केलेली टेट्राझोलियम चाचणी करूच नका. रात्रभर ओल्या कागदात भिजवा, मग टीटीसीच्या 0.1 ते 1 टक्क्याच्या द्रावणात अंधारात ठेवा आणि प्रत्येक बी उभं चिरून मूलांकुर आणि कोंब बघा. डाळीच्या कडेला थोडा पांढरा डाग असला तरी बी उगवू शकतं. मूलांकुर पांढरा किंवा काळपट लाल असेल तर ते बी बाद. कुणी वरिष्ठ उरकायला सांगत असेल तर सही करू नका. तेव्हा मी सही नाकारून प्रत्येक बी चिरून मोजलं असतं तर आकडा सत्तरच्या खाली गेला असता, हे मी आजही त्यांच्यासमोर बसून सिद्ध करीन.

आणि ज्यांना पेरायचंय त्यांनी शंभर बियं ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभराने मोजावीत. टेट्राझोलियमचा निकाल दिवसाभरात मिळतो, पण पोत्यावर कोंब डोळ्यांनी दिसतो. सत्तरपेक्षा थोडे कमी उगवले तर बियाणं त्या प्रमाणात वाढवा, फारच कमी असतील तर ते पेरूच नका.

एक राहिलं. बियावर बुरशी असेल तर तीही टीटीसी लाल करते. कुजकट वासाच्या बियाचा लाल रंग मोजू नका.