विहारातून सामाजिक न्यायाचं काम सुरू करायचं तर सुरुवात कुठून करावी?

जय भीम. तुम्ही लिहिलंय की तुमच्या विहारात रविवारची वंदना आणि पौर्णिमेचं खीरदान यापलीकडे काही होत नाही, आणि काही करू म्हटलं की ज्येष्ठ मंडळी "विहारात हे नको" म्हणतात. हेच वाक्य मी नवी मुंबईत, तुर्भ्यात आमच्या विहारात ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

जातीच्या दाखल्यांपासून आणि व्हॅलिडिटीपासून, म्हणजे तो दाखला खरा असल्याच्या जात पडताळणी समितीच्या प्रमाणपत्रापासून, सुरुवात करा. बाकी सगळं नंतर.

आमच्या वस्तीत बरीच घरं जालना-परभणीकडची. बाहत्तरच्या दुष्काळानंतर आली आणि दगडखाणीत, एमआयडीसीत, मार्केटात राबली. पोरांचा जन्म इथला, मतदान इथलं, पण दाखल्याला पुरावा लागतो १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, म्हणजे आजोबांच्या गावचा. आणि आजोबा बहुतेक वेळा शाळेत गेलेलेच नसतात.

२०२३ साली आमच्या गल्लीतल्या एका मुलीला इंजिनिअरिंगला जायचं होतं. व्हॅलिडिटी नाही, म्हणजे जागा ओपनमध्ये जाणार आणि फी घराच्या आवाक्याबाहेर. वडील हमाल, एक दिवस गेला तर खाडा. त्याच वर्षी १७ मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, म्हणून मी आणि तिची आत्या मंठा तालुक्यातल्या त्यांच्या गावी गेलो. मुख्याध्यापकांनी जुनं जनरल रजिस्टर काढलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, आणि मजकूर सगळा उर्दूत, निजामाच्या काळातला. गावातल्या एका चाचांना बोलावून आणलं. ते एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. आजोबांचं नाव नाहीच. त्यांच्या थोरल्या भावाचं सापडलं, सन १३५५ फसली, म्हणजे १९४५-४६. जातीच्या रकान्यात 'महार'. आत्या त्या ओळीकडे बघत रडायला लागली, तिला वाचता येत नव्हतं तरी.

मुलीच्या वडिलांच्या टी.सी.वर मात्र 'बौद्ध'. दोन कागद जोडायला वंशावळ, प्रतिज्ञापत्र, उर्दूचं भाषांतर आणि आणखी दोन चकरा. एका टेबलावर विचारलं, "बौद्ध आहात तर महार कशाला दाखवता?" मी गप्प बसले, कारण मला उत्तर माहीत नव्हतं. ते नंतर कळलं. दीक्षेनंतर बौद्ध केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिले, ते थेट १९९० च्या दुरुस्तीने आत आले, तेही मूळ जातीच्याच आधारावर. हे तुमच्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजे.

मुदतीच्या चार दिवस आधी व्हॅलिडिटी हातात आली. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात एकाची झाली की बाकीच्यांची वाट सोपी होते. तिच्या कागदावर पुढे तीन चुलत भावंडांची झाली.

परत आल्यावर मी बैठकीत एक टेबल आणि प्रिंटर मागितला. तेव्हाचे सचिव माझे चुलत सासरे. मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "विहार म्हणजे सेतू कार्यालय नव्हे." वर्गणी नव्या फरशीला गेली. तेव्हा सुनेने उलट बोलायचं नाही म्हणून मी खाली बसले, आता बोलते. बाबासाहेबांनी दीक्षा दिली १९५६ मध्ये. पीपल्स एज्युकेशन सोसायटी त्याआधीची, १९४५ ची, आणि औरंगाबादचं मिलिंद कॉलेज १९५० चं. आधी कॉलेजं, मग दीक्षा. त्यांच्या नावाच्या विहारात पोरीचा फॉर्म भरला तर धम्म बाटतो कसा? फरशी गुळगुळीत आहे, मामा, पण तिच्यावरून कुणी कॉलेजात गेलं नाही. टेबल आम्ही बायकांनी भिशीच्या पैशातून घेतलं आणि चपलांच्या रॅकशेजारी मांडलं. ते अजून तिथेच आहे.

तुमच्या ज्येष्ठांची परवानगी मागत बसू नका. वंदनेनंतर दोन तास बसा, लोक आपोआप येतील.

हो, काही गोष्टी राहिल्या. कुणाचा मूळ कागद विहारात ठेवून घेऊ नका, झेरॉक्सच ठेवा. पैसे घेऊ नका. पक्षाचं बॅनर लावू देऊ नका. शेजारच्या भटक्या-विमुक्तांच्या पुराव्याची तारीख १९६१ ची, ओबीसींची १९६७ ची, त्यांना परत पाठवू नका. आणि पडताळणी समितीने दावा फेटाळला तर स्वतः अर्ज लिहीत बसू नका, तिथून पुढे उच्च न्यायालय आहे, वकील गाठा.